उचलण्याआधी पाहावे : जखमी किंवा बेशुद्ध माणसाची पहिली तपासणी

मुंबईत कुणी रस्त्यात कोसळले की मदतीला माणसे बोलवावी लागत नाहीत. पाणी देणारा, वारा घालणारा, रिक्षा अडवणारा असे दहा जण क्षणात गोळा होतात आणि ही या शहराची खरी श्रीमंती आहे. उणीव असते ती क्रमाची. तोंडावर पाणी मारले जाते, बखोटीला धरून उठवून बसवले जाते, आणि श्वास चालू आहे की नाही हे कुणीच पाहिलेले नसताना त्या माणसाला रिक्षाच्या मागच्या आसनावर दुमडून रवाना केले जाते. अशा वेळी मानेचा दुखावलेला मणका सरकू शकतो, उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, किंवा हृदय थांबलेले असेल तर ज्या मिनिटांत छाती दाबायला हवी होती ती मिनिटे सिग्नलवर निघून जातात. म्हणून उचलण्याआधी काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने पाहायचे, एवढेच येथे नीट सांगायचे आहे.

या तपासणीचा नियम एकच आहे: जे सर्वांत लवकर जीव घेते ते सर्वांत आधी पाहायचे. मेंदूला प्राणवायू मिळणे थांबले की साधारण ४ ते ६ मिनिटांत त्याची कायमची हानी सुरू होते. उसळून वाहणारे रक्तही काही मिनिटांत जीव घेऊ शकते. मोडलेली नडगी मात्र बराच वेळ थांबू शकते. पण मोडलेला पाय भयंकर दिसतो आणि थांबलेला श्वास शांत दिसतो, त्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष आधी पायाकडेच जाते. याचसाठी क्रम पाठ असावा लागतो.

आधी जागा

जखमीकडे धावण्यापूर्वी थांबून चहूकडे एक नजर टाकावी. यात पाच-दहा सेकंदांहून अधिक वेळ जात नाही. रस्त्यावर अपघात झाला असेल तर मागून येणारी वाहने कुणीतरी हात दाखवून अडवली पाहिजेत आणि उभ्या वाहनाचे धोक्याचे दिवे लावले पाहिजेत. रेल्वेच्या रुळांवर पडलेल्या माणसासाठी स्वतः उडी मारू नये. उपनगरी मार्गावरच्या ओव्हरहेड तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो आणि समोरून येणारी लोकल अशी झटकन थांबत नाही. म्हणून आधी स्टेशन मास्तर, रेल्वे पोलीस किंवा १३९ या क्रमांकाला कळवावे आणि गाड्या थांबल्याची खात्री झाल्यावरच खाली उतरावे.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. तुंबलेल्या पाण्यात विजेच्या खांबाजवळ किंवा दुकानाच्या शटरजवळ कुणी निपचित पडलेले दिसले, तर ते पाणीच वीजभारित असू शकते असे धरून चालावे. वीजपुरवठा बंद होईपर्यंत त्या पाण्यात पाय ठेवू नये, इतरांनाही ठेवू देऊ नये, आणि अग्निशमन दलाच्या १०१ किंवा महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाच्या १९१६ क्रमांकावर ताबडतोब कळवावे. गटाराच्या किंवा मलकुंडाच्या टाकीत बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे दुप्पट कटाक्षाने पाळले पाहिजे. आतला विषारी वायू दिसत नाही. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि एकामागून एक सगळेच जातात. वर उभे राहून अग्निशमन दलाची वाट पाहणे मनाला फार जड जाते, पण तेथे तेच योग्य असते.

जखमी एकाहून अधिक असतील तर ओरडणाऱ्याकडे आधी धावू नये. जो ओरडतो त्याचा श्वास चालू आहे, हे त्याच्या ओरडण्यानेच सिद्ध होते. जो गप्प पडला आहे त्याच्याकडे आधी जावे. दहीहंडीला थर कोसळल्यावर हे विशेष जाणवते: वरून पडलेल्या गोविंदाभोवती सगळे जमतात, आणि ज्याच्या अंगावर चार जण कोसळले तो खालच्या थरातला तरुण कडेला पोट धरून निमूटपणे बसलेला असतो.

हाक आणि श्वास

जवळ गेल्यावर आधी डोळ्यांनी अंगावरून नजर फिरवावी. कुठून रक्ताची धार लागलेली दिसली, कपडे भिजून जमिनीवर थारोळे साचत असेल, तर पुढची तपासणी बाजूला ठेवून आधी तेथे घट्ट दाब द्यावा, किंवा शेजारच्याचा हात धरून त्याला दाब द्यायला लावावे. तसे काही नसेल तर गुडघे टेकून बसावे, दोन्ही खांद्यांवर थोपटावे आणि दोन्ही कानांजवळ मोठ्याने विचारावे, “काका, ऐकू येतंय का? डोळे उघडा.” माणूस अनोळखी असेल तर मराठीबरोबर हिंदीतही विचारावे. पडलेल्या माणसाला गदागदा हलवू नये. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तळपायावर टिचकी मारणे पुरेसे असते.

या हाकेला मिळणारे उत्तर चार पायऱ्यांत लक्षात ठेवावे. माणूस पूर्ण सावध असून नाव, जागा, वार नीट सांगतो, ही पहिली पायरी. तो फक्त हाक मारल्यावर डोळे उघडतो किंवा पुटपुटतो, ही दुसरी. हाकेला उत्तर नाही, पण खांद्याजवळचा स्नायू चिमटीत दाबल्यावर तो कण्हतो किंवा हात हलवतो, ही तिसरी. कशालाच प्रतिसाद नाही, ही चौथी. रुग्णालयात यासाठी १९७४ साली ग्लासगो येथे तयार झालेली ३ ते १५ गुणांची मोजपट्टी वापरतात, पण रस्त्यावर या चार पायऱ्या पुरतात. पायरी कोणती आहे याहून महत्त्वाचे असते ते ती बदलते कशी. दहा मिनिटांपूर्वी नाव सांगणारा माणूस आता फक्त कण्हत असेल, तर त्याची प्रकृती ढासळते आहे, मग बाहेरून जखम कितीही किरकोळ दिसो.

प्रतिसाद नसेल तर त्याच क्षणी एका ठराविक माणसाकडे बोट दाखवून सांगावे, “दादा, तुम्ही १०८ ला फोन करा आणि मला येऊन सांगा.” “कुणीतरी फोन करा” असे म्हटले की प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने केला असेल. एकटे असाल तर फोन स्पीकरवर लावून शेजारी ठेवावा आणि हात मोकळे ठेवावेत. ११२ क्रमांकही चालतो.

आता श्वास. माणसाला पाठीवर आडवे करावे, एक तळहात कपाळावर ठेवून डोके हलकेच मागे न्यावे आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी हनुवटी वर उचलावी. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद करते. या एका हालचालीने ती पुढे येते, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच अडलेला श्वास सुरू होतो. तोंडात दिसणारा कवळीचा तुकडा, अन्न किंवा रक्त असेल तर ते काढावे, पण न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात आंधळेपणाने बोटे घालू नयेत. मग आपला गाल त्याच्या नाकातोंडाजवळ नेऊन नजर छातीकडे ठेवावी आणि १० सेकंदांपर्यंत पाहावे. फलाटावरच्या किंवा हमरस्त्यावरच्या गोंगाटात श्वासाचा आवाज ऐकू येणार नाही. म्हणून रेनकोट किंवा जाड कपडा उघडून छाती-पोटाची हालचाल डोळ्यांनी पाहणे आणि गालावर ऊब जाणवते का हे बघणे, यावर भर द्यावा.

येथे सर्वांत मोठी फसगत होते, म्हणून थोडे थांबून सांगतो. हृदय थांबल्यानंतरही पहिली काही मिनिटे माणूस अधूनमधून आचके दिल्यासारखा तोंड उघडतो, घोरल्यासारखा किंवा गुरगुरल्यासारखा आवाज काढतो. जमलेले लोक म्हणतात, “श्वास चालू आहे, थांबा.” तो श्वास नव्हे. हृदय बंद पडताना क्वचित हातपाय झटकल्यासारखेही होतात आणि ती फीट वाटते. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढ्या दोन गोष्टी दिसल्या की छाती दाबायला सुरुवात करायची. नाडी शोधत बसू नये, कारण घाबरलेल्या बोटांना स्वतःचीच नाडी लागते.

छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवावा, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ; मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जाईल इतके दाबावे आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यावे. वेग मिनिटाला १०० ते १२०. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण थकलेल्या हाताचा दाब उथळ होतो. तोंडाने श्वास देण्याचे प्रशिक्षण असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास. नसेल तर नुसते दाब चालू ठेवावेत. बुडालेला माणूस आणि लहान मूल यांच्या बाबतीत मात्र मूळ अडचण बहुतेक वेळा श्वासाचीच असते, म्हणून तेथे श्वास देणे शक्य तितके टाळू नये. विमानतळासारख्या ठिकाणी भिंतीवर विजेचा झटका देणारे एईडी यंत्र असते. ते आणायला कुणाला तरी पाठवावे आणि उघडल्यावर ते बोलून सांगते तसे करावे. कोसळलेली व्यक्ती स्त्री असेल तर संकोचापोटी हात मागे राहतात. तसे होऊ देऊ नये. एखाद्या ताईला जवळ बोलवावे, ओढणीचा आडोसा करावा, पण दाब त्याच जागी आणि तितकाच द्यावा.

मानेबद्दल

उंचावरून पडलेला, वाहनाने उडवलेला, चालत्या लोकलमधून पडलेला किंवा कपाळावर मोठी जखम असलेला माणूस दिसला की मणक्याला इजा आहे असेच धरावे. शुद्धीवर असेल तर त्याला आधी बजावावे, “मान हलवू नका, मी विचारतो त्याचं तोंडाने उत्तर द्या,” कारण ‘हो’ म्हणताना माणूस मान डोलावतोच. एकाने डोक्यामागे बसून दोन्ही हातांनी डोके आहे त्याच स्थितीत धरून ठेवावे. थरावरून पडलेल्या गोविंदाला दोन्ही काखांत हात घालून उभे करण्याची जी पद्धत पडली आहे ती खरोखर बंद व्हायला हवी.

हेल्मेट शक्यतो काढू नये. काच वर करून श्वास पाहता येतो. श्वासच अडला असेल तरच ते काढावे आणि तेव्हा दोन माणसे हवीत, एकाने मान खालून धरायची आणि दुसऱ्याने हेल्मेट सरकवायचे. मणका आणि श्वास यांत निवड करायची वेळ आली तर श्वास आधी. जबड्याच्या कोनामागे बोटे लावून जबडा पुढे ढकलण्याची पद्धत ज्यांना येते त्यांनी ती वापरावी; ज्यांना येत नाही त्यांनी डोके जेमतेम लागेल तेवढेच मागे न्यावे.

रक्त आणि अंगाचा रंग

श्वास चालू असल्याची खात्री झाली की रक्त शोधावे. शोधावे हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे, कारण काळ्या पँटवर, जीन्सवर किंवा पावसाने भिजलेल्या कपड्यांवर रक्त दिसत नाही. पाठीखाली, काखेत, जांघेत, मांडीखाली हात फिरवून प्रत्येक वेळी तळहात पाहावा. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातात चढवावी. जखम सापडली की स्वच्छ कापडाची घडी ठेवून सरळ, घट्ट आणि सलग दाबावे; दर मिनिटाला उचलून “थांबलं का” हे पाहू नये. सळई, काच किंवा चाकू आत रुतला असेल तर तो उपटू नये, त्याच्या बाजूंनी दाबावे. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर ५ ते ७ सेंटीमीटरवर, सांधा टाळून, रुंद पट्टी आवळावी आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवावी. दोरी किंवा वायर यासाठी वापरू नये.

पोटात किंवा छातीत आतल्या आत होणारा रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. तो अंगाच्या रंगावरून ओळखावा लागतो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर फिकेपणा गालावर कळत नाही, तो खालच्या पापणीच्या आत, ओठांच्या आतल्या बाजूला, तळहातावर आणि नखांखाली पाहावा. नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग साधारण २ सेकंदांत परत यायला हवा. त्याला उशीर लागतो, अंग गार आणि घामाने चिकट आहे, श्वास जलद आहे आणि माणूस अस्वस्थ होऊन पाणी मागतो आहे, तर तो गंभीर आहे. त्याला पाणी देऊ नये, ओठ ओले करावेत, आडवे ठेवावे आणि चादर घालावी. तो सारखे पाणी मागतो तेव्हा नाही म्हणणे कठीण जाते, पण भरल्या पोटी भूल देताना उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

डोक्यापासून पायापर्यंत

वरचे सगळे पाहून झाल्यावर, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत वेळ असेल तरच, बाकीची तपासणी करावी. डोक्यावर सूज किंवा खोलगट भाग, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव, डोळ्यांभोवती वा कानामागे काळेनिळेपणा, दोन बाहुल्यांचा आकार वेगळा, ही सगळी डोक्याच्या आतल्या इजेची लक्षणे आहेत. कानातून येणारा द्रव कापूस कोंबून अडवू नये. छाती दोन्ही बाजूंनी सारखी वर येते का, पोट दाबल्यावर टणक लागते का, हे पाहावे. कमरेचे हाड हलवून पाहू नये. हाताची व पायाची बोटे हलतात का आणि स्पर्श कळतो का, हे विचारावे. श्वास ३० सेकंद मोजून दुप्पट करावा. मोठ्या माणसात तो मिनिटाला १२ ते २० असतो.

शुद्धीवर असलेल्याला, आणि बेशुद्ध असेल तर सोबतच्यांना, काय झाले, कुठे दुखते, कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा फीटचा आजार आहे का, आणि शेवटचे केव्हा खाल्ले, हे विचारावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी विसरू नये. एकटाच असेल तर खिसे दोघा-तिघांच्या देखत तपासावेत. औषधाची पट्टी, गळ्यातले ओळखपत्र, आणि कुलूपबंद फोनवरही उघडणारी आपत्कालीन माहिती उपयोगी पडते.

“दारू प्यायलाय, सोडा” हे वाक्य फार घातक आहे. साखर उतरलेला मधुमेही, डोक्याला मार लागलेला मजूर आणि पक्षाघात झालेली आजी, तिघेही अडखळत बोलतात आणि झोकांड्या खातात. शिवाय ज्याने खरोखर दारू घेतली आहे त्याच्याही डोक्याला मार लागू शकतो. वास आला तरी तपासणी तीच आणि तितकीच करायची. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात वर राहत नाही, बोलणे जड झाले, असे दिसले तर पक्षाघात समजून ते कधी सुरू झाले ती वेळ आवर्जून टिपावी. गुठळी विरघळवण्याचे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. फीट आलेल्या माणसाला दाबून धरू नये, तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. डोक्याखाली मऊ काही सरकवावे, घड्याळ पाहावे, झटके थांबल्यावर पुन्हा श्वास तपासावा. ५ मिनिटांत थांबले नाही तर १०८ ला फोन करावा.

बेशुद्ध, पण श्वास चालू

अशा माणसाला, मणक्याला मार लागल्याचा संशय नसेल तर, कुशीवर वळवावे. आपल्याकडचा त्याचा हात काटकोनात पसरावा, पलीकडच्या हाताचा पंजा अलीकडच्या गालाखाली आणावा, पलीकडचा गुडघा दुमडून तो आपल्याकडे ओढावा आणि डोके किंचित मागे करून तोंड खालच्या बाजूला ठेवावे, म्हणजे उलटी आपोआप बाहेर पडते. गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर ठेवावे. मणक्याचा संशय असेल तर हलवू नये. पण उलटी होऊ लागली किंवा श्वास घुरघुरू लागला तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून तिघा-चौघांनी मिळून वळवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर, ग्लुकोज, काहीही घालू नये. आणि एकदा कुशीवर ठेवले म्हणजे काम संपले असे नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत श्वास पुन्हा पुन्हा पाहायचा.

रुग्णवाहिका आणि सुपूर्द करणे

फोनवर आधी जागा सांगावी: दुकानाच्या पाटीवरचा पत्ता, मेट्रोच्या खांबाचा क्रमांक, फलाट क्रमांक. चाळीत किंवा वस्तीत एका मुलाला गल्लीच्या तोंडाशी उभे करावे. रक्त थांबत नसेल किंवा छाती-पोटात भोसकल्याची जखम असेल आणि रुग्णवाहिका वाहतुकीत अडकलेली असेल, तर मिळेल त्या वाहनाने, टॅक्सीतही, नेणे योग्य ठरते. मणक्याच्या इजेत मात्र थांबणेच बरे. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर, जुहूचे कूपर, भायखळ्याचे जे. जे. येथे अपघात विभाग रात्रंदिवस चालू असतात.

पोलिसांच्या भीतीने मागे हटण्याचे कारण उरलेले नाही. तातडीचे उपचार आधी आणि कायदेशीर सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. रस्ता अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याच्या कलम १३४अ ने संरक्षण दिले आहे. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

रुग्णवाहिकेतले डॉक्टर आले की थोडक्यात सांगावे: काय झाले आणि किती वाजता, आधी किती शुद्धीवर होता आणि आता किती, श्वास किती, रक्त कुठून गेले, आपण काय केले, औषधे कोणती. “सव्वासहाला दुचाकीवरून पडले, तेव्हा नाव सांगत होते, साडेसहापासून फक्त हाकेला डोळे उघडतात, उजव्या कानातून रक्त आहे, मधुमेहाची गोळी घेतात” एवढ्या एका वाक्याने डॉक्टरांची बरीच मिनिटे वाचतात.

डोक्याला मार लागूनही जो सावध होतो आणि “मला काही झालं नाही, घरी जातो” म्हणतो, त्याला एकटे जाऊ देऊ नये. कवटीच्या आत रक्त साचत असेल तरी काही तास माणूस अगदी ठीक वाटू शकतो. घरच्यांना फोन करून सांगावे की पुढचे २४ तास कुणीतरी सोबत राहावे, आणि वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फीट किंवा हातापायात अशक्तपणा यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठावे. साठी ओलांडलेल्या माणसांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी तर लक्षणांची वाटही पाहू नये. त्यांना त्याच वेळी तपासून घ्यावे.